आधी डोळे, मग गणपती

अंबत्तूर, चेन्नई
गणपतीला सोळा दिवस

तीर्थरूप काका,

तुमच्या महेशचा, दोन्ही हात पाठीमागे धरून, साष्टांग नमस्कार. (हात पाठीमागे धरून साष्टांग घातला तर माणूस नाकावर आपटतो, हे मला कळतं. गेले तीन दिवस माझं नेमकं तेच झालंय, खुलासा पुढे येईल.) काकूंनाही नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? कारखान्याचं छप्पर यंदा गळलं का? आणि तुमचे डोळे... पण तो विषय मी काढणारच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही तिसऱ्यांदा पुढे ढकललंत, साठ घरगुती मूर्ती डोळ्यांवाचून फळीवर बसून आहेत आणि तुम्ही आखणीचा ब्रश कुणाला धरू देत नाही, यातलं मला काहीएक ठाऊक नाही. पुष्करदादाने मला फोन केलेला नाही. हे पत्र त्याबद्दल नाही. अक्षर मुद्दाम बोराएवढं काढलंय. तरी लागलं नाही तर काकूंकडून वाचून घ्या, पुष्करदादाकडून नको. फोनच करणार होतो, पण हंगामात तुम्ही फोन कानाला लावता, "माती वाळतेय, नंतर बोल" म्हणता आणि ठेवून देता. पत्राला तसं करता येत नाही.

तर हे पत्र तुमच्या नातीबद्दल. देविका यंदा यूकेजीत आहे (वय साडेपाच, समोरचे दोन दात गैरहजर). दोन आठवड्यांपूर्वी शाळेतून चिठ्ठी आली. चतुर्थीच्या आधी मुलं वर्गात मातीचा विनायक करणार, प्रत्येक मूल आपला आपण करणार, पालकांनी फक्त एक जुना शर्ट पाठवावा. काका, ही चिठ्ठी वाचून मला काय झालं ते तुम्हालाच कळेल. पेणच्या कारखान्यात मातीत लोळून वाढलेल्या माणसाच्या मुलीला शाळा गणपती करायला सांगते, आणि बापाकडे मागते काय, तर जुना शर्ट! चारुलता म्हणाली, "शर्ट दिलाय. तू यात पडू नकोस." (चारुलता हे लग्न झाल्यापासून म्हणत आली आहे आणि मी लग्न झाल्यापासून पडत आलो आहे.) मी म्हटलं, अगं, निदान सराव तरी! आणि रविवारी सकाळी कुंभाराकडून मातीचा गोळा आणून बाल्कनीत देविकासमोर ठेवला.

तिने केला हो गणपती. खरंच केला. पोट म्हणजे एक गोळा, डोकं म्हणजे दुसरा, आणि चारी हात एकाच बाजूला, कारण लाडू त्या बाजूला होते. मी नुसतं बोट लावलं. देवाशपथ, सोंडेला नुसतं एक बोट. पण तुम्हाला माहीतच आहे, सोंडेचा बाक बसला की कान भलतेच दिसायला लागतात. कान बसवले तर गाल सुजल्यासारखा वाटला. गाल उतरवला तर मान गेली. मान आली म्हणून खांदे, खांदे आले म्हणून हात दोन्हीकडे वाटून दिले, आणि वरणाची शिट्टी होईपर्यंत पाटावर असा काही गणपती बसला की तुम्हीही फळीवर जागा दिली असती. "बघ, किती सुंदर झाला तुझा गणपती!" मी म्हटलं. देविकाने तो बराच वेळ पाहिला आणि अगदी शहाण्या मुलीसारखं म्हणाली, "हा तुझा आहे, बाबा." मग उठून हात धुवायला गेली. हात तसे फारसे भरलेलेही नव्हते.

त्या दिवसापासून पोरीने मातीला हात लावला नाही. मातीला नाही, खडूला नाही, पेन्सिलीलाही नाही. घर काढ म्हटलं की खडू माझ्या हातात आणून द्यायची आणि शेजारी मांडी घालून बसायची. रुसवा नाही, रडणं नाही. आपला विश्वासच टाकलेला, की हे काम बाबाचं. चारुलता काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही, काका.

मग शाळेतून फोन आला. फोन त्रिपुरसुंदरी मिसचा. साठीच्या बाई, मूळ तंजावरच्या, घरात दहा-बारा पिढ्यांपासून मराठी. पण ती मराठी आपली नव्हे. शब्द मोडीच्या कागदातून उठून आलेले आणि चाल तमिळ, वाक्याच्या शेवटी झोका घेणारी. ती ऐकताना मला नेहमी वाटतं, पायांत जोडे आहेत ते काढावेत. बाई म्हणाल्या, लेक तुमची वर्गात हात मांडीवर ठेवून बसते, आणि विचारलं की सांगते, माझे बाबा करतील, त्यांना येतो. तुम्ही तीन दिवस कलेच्या तासाला येऊन बसावें. आता या वाक्यात बापाने लाज वाटून घ्यायला पुष्कळ जागा होती. मी मात्र तेवढंच ऐकलं, "त्यांना येतो."

काय सांगू तुम्हाला, नाकाने कांदे सोलायचंच बाकी ठेवलं होतं मी. तीन दिवस दुसरी पाळी मागून घेतली. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? माझा धंदा डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवण्याचा. एका डायमधून लाख नग काढले तरी केसाचा फरक पडता कामा नये, ही आमची गीता. टूलरूममधल्या नवीन नावाच्या कारागिराला जेवणाच्या सुट्टीत पटवलं आणि भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून गणपतीचा दोन भागांचा साचा कोरून घेतला. माती भरा, दाबा, उघडा, गणपती! बावीस मुलं, बावीस गणपती, हिशेबाने अकरा मिनिटं. एकाचंही कान-नाक वाकडं नाही, एकाही मुलाला वाईट वाटायला नको. माझ्या मते मी बालशिक्षणाचा प्रश्न सोडवला होता.

सोमवारी साचा फडक्यात गुंडाळून वर्गात गेलो. मिसने तो दोन्ही हातांनी घेतला, फिरवून पाहिला, "फार नेमकें काम," म्हणाल्या, आणि मातीच्या ढिगाजवळ जिथे लाकडी चमचे आणि करवंट्या पडल्या होत्या तिथे मुलांसाठी ठेवून दिला. कशाचा आहे ते सांगितलंही नाही! मग मला भिंतीलगत एका वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसवलं. गुडघे कानाला लागले. "महेशराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही लेकरांस शिकवावयास आलां नाहीं. लेकरांपाशीं बसावयास आलांत. हात पाठीमागें. सरी, बसा." (सरी म्हणजे बरं.) नियम दोन. हात लावायचा नाही. आणि 'असं कर' म्हणायचं नाही, 'वा, छान' सुद्धा म्हणायचं नाही (कारण 'छान' म्हटलं की पोरं मातीकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघतात). मूल फारच अडलं तर एवढंच विचारायचं, "तू कुठून सुरुवात करशील?" आणि माझ्या हातांवर नजर ठेवायला विद्यालक्ष्मी नावाची एक मुलगी नेमली. वय पाच, दोन वेण्या, आणि नजर अशी की आमच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाला हवी. माझा खांदा नुसता हलला की वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, "देविका-अप्पा, हात!" (अप्पा म्हणजे तमिळमध्ये बाबा.)

माझ्या साच्याचं काय झालं तेही सांगतो, लपवून काय करू. मुलांनी दोन्ही भाग वेगळे केले. पोटाच्या खळग्यात माती दाबली की कोळकट्टै, म्हणजे आपला मोदक, झकास निघतो असा शोध लागला. बाकीचा सोंडेकानांचा भाग त्यांना निरुपयोगी वाटला. त्या दिवशी माझ्या डायमधून बेचाळीस मोदक निघाले, गणपती एकही नाही.

आणि त्या वीतभर खुर्चीवरून मी जे पाहिलं, काका, ते सांगण्यासाठी हे पत्र. आपल्याकडे म्हणतात ना, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती? ते माझ्यासमोर अक्षरशः झालं. व्यंकट नावाच्या मुलाच्या गणपतीचं तोंड पुढे आलं, सोंड तुटून पडली. मी मनात म्हटलं, संपलं, आता भोकाड. व्यंकटने मान तिरकी करून पाहिलं, शांतपणे मागे शेपूट लावलं आणि मातीच्या वड्यांची माळ करून गळ्यात घातली. (इकडे आंजनेयाला वड्यांची माळ घालतात. माझ्या मते देवाची यापेक्षा चांगली सोय कुठे नाही.) कुणी हसलं नाही. मिस म्हणाल्या, "आंजनेय आला," आणि पुढे गेल्या. शरण्या म्हणून एक आहे, तिच्या गणपतीची सोंड सात वेळा गळून पडली. आता ओल्या मातीच्या सोंडेत तार घालावी लागते हे मी आईच्या पोटातून शिकून आलोय. हात नुसते शिवशिवत होते! "देविका-अप्पा, हात!" आठव्या वेळी शरण्याने सोंड लांब केली आणि तिचं टोक सरळ जमिनीवर टेकवलं. दमलाय, ती म्हणाली, सोंडेवर टेकून बसलाय. आणि तो उभा राहिला की! भाराला आधार द्यावा, हे आमच्या साहेबांना उमजायला तीन आठवडे आणि दोन बैठका लागतात. कार्तिकेयने उंदीर गणपतीच्या दुप्पट केला. का? मी विचारलं नाही, विचारायची परवानगीच नव्हती, त्याने आपण होऊन सांगितलं, एवढा मोठा देव उचलायचा तर उंदीर कसा असायला हवा? काका, पाच पिढ्या आपल्या घरात गणपती होतायत, हा प्रश्न आपल्यापैकी एकाला पडला नाही. मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. एकवीस मुलं, एकवीस गणपती (धरून चाला, वीस आणि एक मारुती), आणि एकासारखा दुसरा नाही. आमच्याकडे या सगळ्या मालाला नापासाची लाल चिठ्ठी लागली असती. मला मात्र उठून एकेकाला नमस्कार करावासा वाटत होता, फक्त हात मोकळे नव्हते.

बाविसावी देविका. सोमवारभर तिच्यासमोर मातीचा गोळा आणि हात मांडीवर. मंगळवारीही तेच. माझ्यापासून चार पावलांवर बसली होती. मधूनच माझ्याकडे बघायची, बोलवायची नाही, नुसती वाट बघायची, की बाबा उठेल. मी विचारलं, तू कुठून सुरुवात करशील? ती म्हणाली, "तुला माहितीये ना." खरं सांगतो, मला रडू आलं. एका बोटाने मी केवढं काय मोडून ठेवलं होतं! आणि ते दुरुस्त करायला मला तेच बोट वापरायची बंदी होती.

त्या खुर्चीवर बसून बसून मला बाराव्या वर्षीची एक गोष्ट आठवली. तुम्हाला आठवणार नाही, तुमच्यासाठी ती गोष्टच नव्हती. तुम्ही चहाला उठला होतात आणि मी एका वीतभर मूर्तीचे डोळे रंगवून ठेवले. तुम्ही आलात, ओल्या फडक्याने पुसलेत आणि दोन फटकाऱ्यांत नवे काढलेत. रागावला नाहीत. "पुढच्या वर्षी," म्हणालात. तुमचे डोळे माझ्यापेक्षा हजार पटींनी चांगले होते, ते मी आजही म्हणेन. तो गणपती नुसता बघत नव्हता, ओळखत होता. पण पुढचं वर्ष नऊ वेळा आलं काका, आणि मग मी डिप्लोमा केला आणि डायकडे गेलो. तक्रार नाही. डायला डोळे नसतात, हे एक बरं आहे.

बुधवार शेवटचा दिवस, डोळ्यांचा. आता तुम्ही हे बसून ऐका. इकडे मातीच्या गणपतीचे डोळे रंगवत नाहीत. गुंजा लावतात! लाल गुंज, तिचं काळं टोक पुढे, दोन दाबल्या की झाले डोळे. कोपऱ्यावरची गणपती विकणारी बाई गप्पा मारता मारता लावते. इथे आलो त्या पहिल्या वर्षी ते बघून मी तोंड फिरवून निघालो होतो. आपल्याकडे पेणला आख्ख्या कारखान्यात एकच माणूस डोळे आखतो, सगळ्यांत शेवटी, अंघोळ करून, आणि तेव्हा कुणी शिंकायचंही नाही. आणि इथे खुशाल बिया चिकटवतात! तर मिसने प्रत्येकाच्या तळहातावर स्वतः मोजून दोन गुंजा ठेवल्या (विषारी असतात, तोंडात गेली तर भलतंच, त्या बाबतीत बाई वाघीण आहेत). सगळ्यांचे गणपती तयार, डोळे तेवढे राहिलेले. देविकाचा नुसता गोळा. तिच्याही हातावर दोन ठेवल्या.

ती त्या गुंजांकडे बघत बसली. मग गोळ्याकडे. मग एकदा माझ्याकडे, आणि मी, काका, आयुष्यात पहिल्यांदा, खरोखर काहीही केलं नाही. मग तिने गोळा पुढे ओढला आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन गुंजा त्यात दाबल्या. सोंड नाही, कान नाहीत, पोट नाही. मातीचा एक धोंडा, आणि त्याला डोळे. एक थोडा वर, एक थोडा खाली. आणि तो धोंडा बघायला लागला! थट्टा नाही करत. कारखान्यात तुमच्या हातून हजारो मूर्तींना दृष्टी आलेली मी पाहिली आहे, पण तिथे तोवर सगळा देव तयार असतो. इथे देव अजून झालेलाच नव्हता आणि बघत होता. देविकाही चपापली. हळूच म्हणाली, "आता हा बघतोय." आणि मग, काका, तिला काही इलाजच राहिला नाही. बघणाऱ्याला असं अर्धवट कसं सोडायचं? तिने त्याला सोंड दिली, मग कान, मग पोट. त्याला दिसेल अशा ठिकाणी लाडू ठेवले. मधेच त्याला विचारलं, दुखतंय का. एवढ्या वेळात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आधी डोळे आणि मग गणपती! आपल्या पाच पिढ्यांत कुणाची अशी छाती झाली नसती. विद्यालक्ष्मीने माझ्या तोंडाकडे बघून मिसना सांगितलं की देविका-अप्पा रडतायत, पण हात मागेच आहेत.

तो गणपती आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. जरा काणा आहे. पण मी कामावर निघालो की अगदी दारापर्यंत बघतो. एवढंच सांगायचं होतं. वडीलधाऱ्याला शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. तब्येतीस जपा, काकूंनी गुडघ्याला तेल लावावं.

आपला,
महेश

ता. क. – चारुलता म्हणते, खोटं लिहू नकोस. बरं. बुधवारी सगळे गणपती खिडकीत वाळत ठेवले असताना मी एका गणपतीचा कान अगदी जरासा सरळ केला. मुलं डबा खायला गेली होती. पाच मिनिटांत शरण्या आली, कान पाहिला, पुन्हा वाकडा केला आणि गेली.

दुसरा ता. क. – पुष्करदादाने मला फोन केलेला नाही हे मात्र खरं आहे. मीच त्याला केला. म्हटलं, साठ मूर्ती आहेत, सोळा दिवस आहेत, तुझ्या बाबांना आता एकाच्या जागी दोन गणपती दिसतात, तू घे ब्रश. दादा म्हणाला, "मला नाही रे येत डोळे." काका, दादा चव्वेचाळीस वर्षांचा आहे. त्यातली सव्वीस तो तुमच्या उजव्या हाताला बसलेला आहे.

तिसरा ता. क. (काकू, हा वाचताना दादा आसपास नाही ना, ते बघा.) – तडा गेलेल्या मूर्ती तुम्ही मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवता. दिवाळीत आलो तेव्हा मी त्यातल्या तीन वळवून पाहिल्या. तिन्हींना डोळे आखलेले आहेत. ते तुमचे नव्हेत, माझेही नव्हेत. काकूंना सोबत न्या, एकदा वळवून बघा, आणि मग डॉक्टरांना फोन करा.